पाणकावळा : त्याची ओळख आणि त्याच्या वस्तीचा शोध

शेतकीच्या मासिकात पक्ष्याचे प्रकरण कशास, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. ज्वारीवरची पाखरे हाकलता हाकलता ज्यांचे हात दुखले त्यांस तर तो अवश्य येईल. तथापि प्रस्तुत पक्षी दाणे खाणारा नव्हे. तो आपल्या गावतळ्याचा, नदीच्या डोहाचा व पाझर तलावाचा रहिवासी आहे. तो ज्या झाडांवर वस्ती करतो ती झाडे बहुधा गावाच्या सामाईक मालकीची अथवा कोणा खातेदाराच्या बांधावरची असतात. सबब त्याचे बरेवाईट आपल्याच हाती आहे. ते हाती असता त्याची धड ओळखही आपणांस नसावी, ही गोष्ट बरी नव्हे. हे आम्ही उपदेश म्हणून लिहीत नाही. या अज्ञानाचे माप आमच्याच पदरात एकदा पडले आहे, आणि ती हकीकत प्रथम सांगणे हेच प्रामाणिकपणाचे होईल.

एका अक्षरी चुकीची हकीकत

आम्ही महसूल खात्यात कारकुनी करीत असता एका गावच्या तळ्याच्या बांधावरील बाभळी लिलावाने विकण्याचे प्रकरण आमच्या मेजावर आले. स्थळपाहणीच्या कागदात 'झाडांवर कावळ्यांची घरटी आहेत' असे एक वाक्य होते. कावळ्यांची घरटी ही काही हरकतीची बाब नव्हे, असे समजून आम्ही ते वाक्य टिपणीत तसेच उतरविले व पुढे 'सबब हरकत दिसत नाही' असा नेहमीचा शेरा जोडला. कागद वर गेला, सही होऊन खाली आला, लिलाव झाला. ज्येष्ठात व्हावयाची तोड मजुरांच्या अभावी लांबली आणि श्रावणात झाली.

विकल्यापेक्षा अधिक झाडे तोडल्याची तक्रार आली, म्हणून पंचनाम्यास आम्हांस जाणे पडले. बुंधे मोजावयास गेलो, तो चिखलात निळसर हिरव्या अंड्यांची टरफले विखुरलेली. आडव्या पडलेल्या फांद्यांखाली काळसर अंगाची, उघड्या तांबूस डोक्याची पिले. काही मेलेली, काही अद्याप चोच वासणारी. वर आकाशात शंभरएक काळे पक्षी घिरट्या घालीत होते. त्यांस बसावयास झाड उरले नव्हते. आम्ही म्हणालो, "इतके कावळे!" तेव्हा तळ्यात जाळे टाकणारा एक म्हातारा कोळी जवळ आला व म्हणाला, "भाऊसाहेब, हे कावळे न्हवं. पाणकावळे हायती. कावळा कधी येका झाडावर वीस घरं बांधतोय व्हय?"

त्या म्हाताऱ्यास जे ठाऊक होते ते कागदावर आले नव्हते. 'पाण' ही दोन अक्षरे लिहावयाची राहिली, आणि एक सबंध वस्ती उठली. बुंधे चौदा भरले, विकलेली झाडे अकरा होती. त्या तीन झाडांचा दंड यथाकाल वसूल झाला. पिलांचा हिशेब कोणत्याही रकान्यात बसला नाही. पुढील वर्षी आम्ही मुद्दाम त्या तळ्यावर गेलो, तेव्हा एकही घरटे दिसले नाही. त्या दिवसापासून या पक्ष्याची माहिती आम्ही पुस्तकांतून, जाणत्यांकडून व स्वतःच्या डोळ्यांनी मिळवीत आलो आहो. ती वाचकांपुढे ठेवतो.

पाणकावळा म्हणजे कोणता?

नावात कावळा असला तरी कावळ्याशी याचे नाते नाही. रंग काळा, एवढेच साम्य. पाण्यात बुडी मारून मासे धरणाऱ्या पक्ष्यांचे हे एक निराळेच कुळ आहे. बदकाच्या पायाची पुढील तीनच बोटे पडद्याने जोडलेली असतात. पाणकावळ्याची मागील बोटासह चारही बोटे जोडलेली असतात. चोच चिमट्यासारखी अरुंद असून तिचे टोक आकड्यासारखे खाली वळलेले असते, म्हणजे धरलेला निसरडा मासा सुटू नये. वाढ झालेल्या पक्ष्याच्या नाकपुड्या बाहेरून बुजलेल्या असतात व तो तोंडाने श्वास घेतो. बुडी मारणारास ही सोयच म्हणावयाची.

आपल्या प्रांतात पाणकावळ्याच्या तीन जाती दिसतात. त्या वेगळ्या ओळखता येणे हा ओळखीचा पहिला धडा होय.

पहिला लहान पाणकावळा. गावतळ्यांवर सर्वांत अधिक दिसतो तो हाच. लांबी सुमारे ५० सेंटिमीटर, म्हणजे डोमकावळ्याएवढा. वजन अर्ध्या किलोच्या आतबाहेर. चोच आखूड, मान आखूड, शेपटी मात्र लांब व ताठ. एरव्ही अंगाचा रंग काळपट तपकिरी व गळ्यापाशी पांढुरका ठिपका असतो. विणीच्या दिवसांत तो ठिपका जातो, सर्वांग काळेभोर तुकतुकीत होते आणि डोक्यावर व कपाळाच्या बाजूंस रेशमासारखी थोडी पांढरी पिसे येतात. दुरून पाहणाऱ्यास कोणी पिकलेल्या केसांचा गृहस्थ बसला आहे असा भास होतो.

दुसरा भारतीय पाणकावळा. हा मध्यम, सुमारे ६३ सेंटिमीटर लांबीचा. बांधा सडपातळ, मान बारीक, चोच लांब व निमुळती, डोळा निळसर हिरवा. याचे थवेच्या थवे मोठ्या जलाशयांवर एकत्र मासेमारी करतात.

तिसरा मोठा पाणकावळा. लांबी ८० सेंटिमीटर व त्याहून अधिक, वजन दोन किलोच्या पुढे. चोच जाड, तोंडाजवळची कातडी पिवळी व गालाचा भाग पांढरा. विणीच्या काळात मांडीवर बाहेरच्या अंगास मोठा पांढरा डाग येतो. तो उडताना दुरूनही दिसतो. धरणांच्या विस्तीर्ण पाण्यावर तो पाहावयास सापडतो.

आकाराचा अंदाज एकट्या पक्ष्यावरून करू नये, फसगत होते. शेजारी बगळा अथवा बदक असेल तर त्याच्याशी ताडून पाहावे. त्याहून सोपी खूण चोचीची: आखूड चोच व चौकोनी डोके दिसले तर लहान, लांब बारीक चोच दिसली तर मध्यम, जाड चोच व पिवळी कातडी दिसली तर मोठा.

कोणाशी गफलत होते?

पाण्यावरचा प्रत्येक काळा पक्षी पाणकावळा नव्हे. जेथे चुकण्याचा संभव फार, ती चार उदाहरणे देतो.

कावळा पाण्यात पोहत नाही, बुडी मारीत नाही. काठावर उड्या मारीत चालतो. पाणकावळा काठावर अडखळत, डुलत चालतो आणि बसला तर उभट बसतो.

वारकरी, ज्यास काही भागांत चांदवा म्हणतात, तो काळा असतो व थव्याने पोहतो. त्याच्या कपाळावर मात्र गंध लावावे तसा पांढरा स्वच्छ टिळा असतो व चोचही पांढरी असते. तो झाडावर घरटे करीत नाही, पाणगवतात करतो.

काळा शराटी शेतात, गायरानात हिंडतो. चोच विळ्यासारखी खाली वाकलेली, डोक्यावर तांबडा डाग, खांद्याशी पांढरा पट्टा. नांगरटीच्या मागे किडे टिपताना तो पुष्कळांनी पाहिला असेल. तो पोहणारा पक्षी नव्हे.

सर्वांत अधिक गफलत तिरंदाजाशी होते. तोही काळसर, तोही बुडी मारणारा, तोही पंख पसरून बसणारा. परंतु त्याची मान सापासारखी लांब व चोच सरळ, भाल्यासारखी टोकदार असते, आकडा नसतो. पोहताना त्याचे धड पाण्याखाली राहते व नुसती मान वर दिसते, जणू पाण्यातून साप वर आला आहे. पाणकावळ्याची पाठ बहुधा दिसते, आणि तो चोच किंचित वर उचलून पोहतो.

पंख पसरून बसण्याचे कारण

तळ्यातील वठलेल्या खोडावर, खांबावर किंवा दगडावर पाणकावळा दोन्ही पंख पसरून बराच वेळ निश्चल बसतो. कोणी म्हणतात तो सूर्याची उपासना करतो. खरी गोष्ट अशी आहे की, बदकाच्या पिसांप्रमाणे त्याची बाहेरची पिसे पाणी अडवीत नाहीत, ती भिजतात. भिजल्यामुळे पिसांत अडकलेली हवा निघून जाते, अंग जड होते व बुडी सुलभ होते. जे बुडताना उपयोगी ते उडताना अडचणीचे. म्हणून बाहेर येताच पंख वाळवावे लागतात. धोतर वाळत घालणाऱ्या स्नानार्थ्यासारखा तो दिसतो. एवढी एक खूण लक्षात ठेवली तरी काळा पक्षी ओळखण्याचे अर्धे काम झाले.

सामाईक वस्ती

पाणकावळे वस्ती करून राहतात. एका झाडावर दहा, वीस, कधी त्याहून अधिक घरटी असतात आणि शेजारच्या फांद्यांवर गायबगळे, लहान बगळे, वंचक व रातबगळेही आपली बिऱ्हाडे थाटतात. प्रत्येक जोडप्याचे घरटे निराळे, अंडी निराळी, चूल निराळी. झाड मात्र सामाईक. मोठ्या वाड्यातील भाडेकऱ्यांसारखा हा प्रकार. अशा मिश्र वस्तीस पक्षिशास्त्रावर मराठीत लिहिणारे सारंगागार असे सुंदर नाव देतात.

एकत्र राहण्याचा लाभ उघड आहे. शंभर डोळे पहाऱ्यावर असले म्हणजे शत्रू लवकर दिसतो. गैरसोयीही आहेत. घरटे काटक्यांचे असते, आणि शेजारी दूर गेला की त्याच्या घरट्यातील काटकी ओढून आपल्या घरट्यास लावणारे महाभाग या समाजातही पुष्कळ आहेत. बांध कोरणारा शेजारी ज्यास लाभला आहे त्यास हे दृश्य पाहून थोडे समाधान वाटेल.

विणीचा हंगाम पावसाशी बांधलेला आहे. तळी भरली, लहान मासळी वाढली, म्हणजे आषाढ-श्रावणापासून काटक्या गोळा होऊ लागतात. पाऊस लांबला तर घरटीही लांबतात. मादी बहुधा तीन ते पाच अंडी घालते. ती फिकट निळसर हिरवी असून त्यांवर चुन्यासारखा पातळ लेप असतो. पुढे ती मळतात. नर व मादी आळीपाळीने अडीच-तीन आठवडे अंडी उबवितात. पहिले अंडे पडताच उबविणे सुरू होते, त्यामुळे पिले एकदम न निघता मागेपुढे निघतात व एकाच घरट्यात थोरले-धाकटे स्पष्ट दिसतात. अन्न कमी पडले तर धाकट्याची उपासमार होते. आईबाप अन्न गिळून आणतात आणि पिलू त्यांच्या घशात डोके घालून ते काढून घेते. सुमारे महिनाभराने पिले घरट्याबाहेर फांद्यांवर येतात व पुढे उडू लागतात. सर्वच जोडपी एका मुहूर्तावर घरटी करीत नाहीत, म्हणून एका वस्तीचा हंगाम आश्विन-कार्तिकापर्यंत चालतो.

वस्तीचा शोध कसा घ्यावा?

पाणकावळा पाहणे सोपे. त्याची वस्ती हुडकणे हे थोड्या चिकाटीचे काम आहे. मासे धरावयाचे पाणी एका ठिकाणी आणि घरटी दुसऱ्या ठिकाणी असू शकतात. आमच्या अनुभवास आलेली रीत पुढे देतो.

प्रथम भाद्रपदाच्या आसपास एक उघाडीचा दिवस निवडावा. सूर्योदयाच्या सुमारास तळ्याच्या उंच बांधावर बसावे व पक्षी कोणत्या दिशेकडून येतात ते पाहावे. पाणकावळे मान पुढे ताणून, पंख भराभर हालवीत, रांगेने किंवा बाणाच्या आकाराने उडतात. सायंकाळी पुन्हा त्याच जागी बसावे व ते कोठे जातात ते पाहावे. दोन्ही वेळा दिशा एकच आली तर त्या दिशेस चालू लागावे.

दुसरी खूण काटकीची. चोचीत काटकी घेऊन उडणारा पक्षी घरट्याकडेच जात असतो. त्याचा मार्ग डोळ्यांनी धरून ठेवला की तो आपणांस घरापर्यंत नेतो.

तिसरी खूण झाडाची. पाण्यात उभ्या असलेल्या अथवा पाण्यालगतच्या बाभळी, गावाजवळची जुनी चिंच, वड, पिंपळ ही यांची आवडती ठिकाणे. पाने, फांद्या व खालची जमीन चुना शिंपडल्यासारखी पांढरी झालेली असते, आणि वाऱ्याच्या दिशेने गेल्यास मासळीचा उग्र वास दुरून येतो. जवळ जाताच घोगऱ्या आवाजांचा कलकलाट ऐकू येतो.

येथे एक सावधगिरी. झाड पांढरे दिसले म्हणजे तेथे घरटी आहेतच असे नाही. हे पक्षी वर्षभर रात्री एकत्र झोपतात. त्या मुक्कामाच्या झाडाखालीही पांढरी पखाल पडते. म्हणून भर दुपारी दुरून पाहावे. मुक्कामाचे झाड दुपारी ओस असते. घरट्यांच्या झाडावर दुपारीही पक्षी बसलेले असतात, काटक्यांचे सांगाडे दिसतात, आणि झाडाखाली निळसर टरफलांचे तुकडे सापडतात.

वस्ती सापडली म्हणजे तिच्याखाली जाऊन उभे राहण्याचा मोह टाळावा. शे-दीडशे पावलांवर झुडपाच्या आड बसावे. माणूस जवळ आला की आईबाप उडून जातात; तेवढ्या अवकाशात खरे कावळे अंडी फोडतात, घार पिले उचलते, आणि उघडी पिले उन्हाने किंवा पावसाने हैराण होतात. थोडी वाढलेली पिले भिऊन फांदीवरून खाली उड्या घेतात. झाडावर चढणे तर सर्वथा वर्ज्य समजावे.

मोजणी करावयाची तर पंचनाम्याच्या शिस्तीने करावी. जागा एकच ठरवावी, दर आठवड्यास त्याच जागेवरून झाडवार घरटी मोजावी, तारीख घालून वहीत लिहावी. कोणत्या झाडावर कोणाची किती घरटी, एवढे लिहिले तरी पुरे. अंदाजाने 'शेकडो' लिहू नये. आमच्या जुन्या पेशात ऐकीव आकड्यांनी जे घोटाळे होतात ते येथेही होतात.

शेतकऱ्यास लाभ की हानी?

आता व्यवहाराची गोष्ट. ज्यांनी शेततळ्यात मत्स्यबीज सोडले आहे त्यांचा पाणकावळ्यावर राग असतो. तो अगदीच अकारण आहे असे आम्ही म्हणणार नाही. बोटुकलीएवढी मासळी हेच लहान पाणकावळ्याचे खाद्य. उघड्या शेततळ्यात ती ताटात वाढून ठेवल्याप्रमाणे त्यास मिळते. यावर उपाय बंदूक किंवा विष हा नव्हे. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने वन्य पक्ष्यांस मारणे तर निषिद्ध आहेच, पण त्यांची अंडी फोडणे व घरटी विसकटणे यांसही शिकारीच्या व्याख्येत घातले आहे. उपाय साधे आहेत. बीज लहान असेतोपर्यंत ते छोट्या संगोपन तळ्यात ठेवून वरून जाळे ताणावे. मोठ्या तळ्यावर आडवेउभे दोर बांधावेत, म्हणजे पक्ष्यास उतरणे व उडणे अवघड होते. तळ्यात सोडावयाची मासळी होईल तितकी मोठी करून सोडावी. कोपऱ्यात काट्याकुट्यांची फांजर टाकावी, म्हणजे माशांस लपण्यास जागा होते.

गावतळ्याची गोष्ट निराळी. तेथे तो नाना प्रकारची रानटी लहान मासळी खातो, बेडूक व पाण्यातील किडेही खातो, आणि त्याचा मोबदला विष्ठेच्या रूपाने परत देतो. त्या विष्ठेत नत्र व स्फुरद भरपूर असते. पेरू देशाच्या किनाऱ्यावरील बेटांवर पाणकावळ्याच्याच कुळातील एका पक्ष्याच्या विष्ठेचे ढीग शतकानुशतके साचले होते. एकोणिसाव्या शतकात 'ग्वानो' या नावाने ते खत युरोप-अमेरिकेच्या शेतांत जहाजे भरभरून गेले. ढीग आटू लागले तेव्हा १९०९ साली पेरू सरकारने खास व्यवस्था करून त्या पक्ष्यांस संरक्षण दिले, कारण पक्षी गेला तर खत गेले हे त्यांस कळून चुकले.

इतक्या दूर जाण्याचेही कारण नाही. तामिळनाडूतील चेंगलपट्टू प्रांतात वेदांतंगल नावाचे गाव आहे. तेथील तळ्यातील झाडांवर पाणकावळे, बगळे व करकोचे दरवर्षी वस्ती करतात. तळ्याचे पाणी पक्ष्यांच्या विष्ठेने सकस होते व ते भातास मिळते, हे तेथील रयतेने फार पूर्वी जाणले होते. पक्ष्यांवर बंदुका चालू लागल्या तेव्हा तिने कलेक्टरकडे गाऱ्हाणे नेले आणि १७९८ च्या सुमारास पक्ष्यांस कोणी मारू नये असा कौल मिळविला. १८५८ साली तो पुन्हा मान्य करून घेतला. पुढे सरकारने त्या स्थळास पक्षी अभयारण्य म्हणून मान्यता दिली, परंतु मूळ राखण रयतेची. शेतकऱ्यांनी आपल्या खतासाठी सरकारदरबारातून पक्ष्यांकरिता कौल आणावा, हे वाचून जुन्या महसुली माणसास किती आनंद झाला असेल त्याची कल्पना वाचकांनी करावी.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. वस्तीखालच्या झाडाची पाने अति खताने करपतात, आणि वर्षानुवर्षे वस्ती राहिली तर एखादे झाड वाळतेही. घराशेजारच्या चिंचेवर वस्ती असेल तर घाण व वास सोसावा लागतो. याकरिता तळ्याच्या काठी नवी बाभूळ लावीत जाणे हाच उपाय होय. जुने झाड वठेपर्यंत नवे उभे राहते व वस्ती हळूहळू तेथे सरकते.

गावाने काय करावे?

सेवानिवृत्तीनंतर आम्ही गावी आलो. आमच्याही तळ्याच्या वरच्या अंगास पाण्यात उभ्या अशा सहा बाभळी आहेत. पहिल्याच पावसाळ्यात त्यांवर लहान पाणकावळ्यांची सतरा घरटी मोजली. त्याच वर्षी तळ्याचा गाळ काढण्याचा ठराव ग्रामसभेपुढे आला व त्यात 'अडथळा करणारी झाडे काढून टाकणे' असे कलम होते. आम्ही उभे राहून जुनी हकीकत सांगितली. कोणी हसले, एक तरुण खातेदार म्हणाला, "काका, पाखरांसाठी गाळ सोडायचा का?" प्रश्न रास्त होता. आम्ही उत्तर दिले की, गाळ सोडावयाचा नाही. गाळ निघावयाचा तो चैत्र-वैशाखात, पाणी आटल्यावर; तेव्हा घरटी रिकामी असतात. बाभळींच्या बुंध्याभोवती दहा पावलांचे रिंगण तेवढे तसेच ठेवावे, मुळे उघडी पाडू नयेत. गाळाच्या खेपा त्यामुळे फार तर पाचपंचवीस कमी होतील. पुष्कळ वाद झाल्यावर कलम बदलले, 'झाडे राखून' असे शब्द आले. पुढील श्रावणात घरटी पुन्हा झाली. तो तरुण खातेदारच आता वहीत मोजणी लिहितो. आमच्या डोळ्यांस दूरचे तितकेसे दिसत नाही.

वाचकांस आमची विनंती एवढीच आहे. आपल्या गावच्या तळ्यावर, नदीकाठी, बांधावर अशी वस्ती आहे काय ते यंदाच्या पावसाळ्यात पाहावे. असल्यास झाडांची संख्या व घरट्यांची मोजणी लिहून ती ग्रामपंचायतीच्या दप्तरी दाखल करावी. तोड अथवा छाटणी करणे भागच असेल तर ती माघ ते वैशाख या काळात करावी. ज्येष्ठापासून कार्तिक संपेपर्यंत त्या झाडांस कुऱ्हाड लावू नये. आणि झाडतोडीच्या कोणत्याही कागदावर सही करण्यापूर्वी किंवा अंगठा उठविण्यापूर्वी झाडाखाली जाऊन एकदा वर पाहावे.

आमच्या त्या टिपणीचा कागद कोठल्या तरी दप्तरात अद्याप बांधलेला असेल. त्यावर 'कावळ्यांची घरटी' असेच लिहिलेले आहे, आणि ती दुरुस्ती करण्याचा अधिकार आता आम्हांस नाही. ती आम्ही येथे करून ठेवतो : कावळ्यांची नव्हेत, पाणकावळ्यांची.